मैफलीला गाडीने जाणे

गाण्याच्या जाहीर कार्यक्रमाला चारचाकीने जाणे ही क्रिया गाणे सुरू होण्याच्या दोन तास आधी सुरू होते आणि गाणे संपल्यावर दीड तासाने संपते. मधल्या वेळेत गाणे होते. या क्रियेच्या अभ्यासाला उल्हासनगर कॅम्प ४ इतकी सोयीची जागा दुसरी नाही, कारण येथून कार्यक्रमाचे ठिकाण इतके जवळ आहे की गाडी नेण्याची गरजच नसते. गरज असताना माणूस कसा वागतो हे पाहण्यात फारसे काही नाही.

ठिकाण म्हणजे अंबरनाथचे शिवमंदिर. शिलाहार राजा छित्तराजाने सुरू केलेले आणि मुम्मुणीच्या कारकिर्दीत पुरे झालेले हे देऊळ वालधुनी नदीच्या काठी आहे. त्यातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. बाहेरच्या भिंतींवर वीतभर दगडही कोरल्यावाचून सोडलेला नाही आणि गाभारा इतका खोल की पायऱ्या उतरून जावे लागते. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. अलीकडे देवळाच्या परिसरात शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हल होऊ लागला आणि ज्या गायकांना ऐकायला पूर्वी मुंबई गाठावी लागे ते देवळाच्या पार्श्वभूमीवर, रंगीत दिव्यांच्या झोतात गाऊ लागले. शिलाहारांच्या कारागिरांनी सगळ्याचा विचार केला होता. गाड्यांचा तेवढा राहून गेला, आणि फेस्टिव्हलच्या दिवसांत त्यांना त्याबद्दल बरेच ऐकून घ्यावे लागते.

उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गावाला आजचे नाव मिळाले, आणि छावणीचे पाच भाग पाच कॅम्प म्हणून राहिले. बराकींच्या मध्ये मोकळी जागा होती. तिच्यावर आधी पडवी आली, पडवीचे दुकान झाले, दुकानाचा माल बाहेर मांडला गेला आणि मालासमोर मालकाची स्कूटर लागली. स्कूटरच्या पुढे जे उरते त्याला रस्ता म्हणतात. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची वस्ती पाच लाखांवर होती, अंबरनाथची अडीच लाख आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास. हे सगळे लोक एकाच संध्याकाळी गाणे ऐकायला निघत नाहीत. पण फेस्टिव्हलच्या शनिवारी व्हिनस चौकात अडकलेल्या माणसाला ते पटवून देणे कठीण जाते.

कॅम्प ४ मधल्या लालचक्कीपासून देऊळ तीन-चार किलोमीटरवर. चालत गेले तर पाऊण तास. रिक्षा आहे. विठ्ठलवाडीहून लोकल पकडली तर मध्ये एक उल्हासनगर, की आलेच अंबरनाथ. स्कूटर आहे. घरात हे सगळे पर्याय एकेक करून मांडले जातात आणि एकेक करून मोडीत काढले जातात. चालायचे तर आजींचे गुडघे. रिक्षात सगळे मावत नाहीत. लोकलला संध्याकाळची गर्दी. स्कूटरवर पैठणी चुरगळते. शेवटी कुणीतरी धीर करून रिक्षाचे पुन्हा काढतेच.

"दोन रिक्षा करू या ना. दारात सोडतील."

"मग गाडी कशाला घेतली? हप्ते रिक्षावाला भरतो का?"

हा युक्तिवाद बिनतोड आहे. गाडीचा हप्ता दरमहा जातो आणि गाडी महिन्यातून चारदा निघते, त्यामुळे खाली उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिले की घरच्या कर्त्या पुरुषाला पैसे गळताना ऐकू येतात. मैफल ही गाडी वसूल करण्याची संधी असते. गायक कोण आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

लोकलने जाणाऱ्यांचे काय होते हे मोठ्या कार्यक्रमांत दिसून आले आहे. २०२५ च्या जानेवारीत १८, १९ आणि २१ तारखांना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम झाले. विठ्ठलवाडीहून ठाण्याला जायचे, तिथे ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल धरायची आणि नेरूळला उतरायचे, इतका तो सरळ प्रवास. तो केलेल्या तरुण मंडळींकडे परत आल्यावर सांगण्यासारखे काहीच उरत नाही, गाण्याशिवाय.

निघण्याची वेळ ठरवण्याची रीत अशी. कार्यक्रम सातला. म्हणजे साडेसहाला पोहोचायला हवे. वाटेला अर्धा तास आणि जागा मिळायला अर्धा तास धरावा. म्हणजे साडेपाचला निघणे आले. साडेपाचला घरात चहा टाकला जातो. पावणेसहाला इस्त्री गरम होते. सहाला शेजारच्या भाभी दारात उभ्या राहून विचारतात, "आप लोग शिवमंदिर जा रहे हो ना? गाडी में जगह है?" गाडीत पाच जणांची जागा असते आणि निघणारे पाच असतात. तरी "हो हो, या ना" असेच उत्तर जाते, कारण नाही म्हणायचे धाडस दारात होत नाही, ते नंतर जिन्यात कुजबुजून केले जाते. भाभी येतात, त्यांची मुलगी येते, आणि मुलीच्या मैत्रिणीला वाटेत श्रीराम चौकातून घ्यायचे असते. श्रीराम चौक विरुद्ध दिशेला आहे.

त्याआधी एक महत्त्वाचे काम असते. इमारतीखालची आपली जागा राखून ठेवणे. त्या जागेवर कुणाचाच कायदेशीर हक्क नसतो, म्हणून तिचे रक्षण अधिक दक्षतेने करावे लागते. गाडी बाहेर निघाल्याबरोबर तिच्या जागी दोन विटा, डिस्टेंपरचा रिकामा डबा आणि एक पाय मोडलेली प्लास्टिकची खुर्ची अशी मांडणी होते. खुर्चीवर दगड ठेवतात, म्हणजे ती वाऱ्याने उडत नाही आणि पाहणाऱ्याला ठेवणाऱ्याचा हेतूही कळतो. वॉचमनला सांगितले जाते, "कुणाला लावू द्यायची नाही." वॉचमन मान डोलावतो. हीच मान त्याने तासाभरात आणखी चार जणांना डोलावलेली असते.

मार्गाबाबत दोन पंथ आहेत. एका पंथाचे लोक कॅम्प ५ मधून, कैलास कॉलनीच्या बाजूने देवळाकडे उतरतात. दुसरा पंथ अंबरनाथ गावात शिरून स्टेशनच्या अंगाने शिवमंदिर रस्ता धरतो. दोन्ही पंथांत एकेक जाणकार असतो आणि तो नेहमी मागच्या सीटवर बसलेला असतो. "मला आतला रस्ता माहीत आहे," हे त्याचे वाक्य. आतला रस्ता म्हणजे जो फक्त जाणकारांना ठाऊक असतो तो. उल्हासनगरात जाणकार नसलेला माणूस सापडत नाही, त्यामुळे मोठा रस्ता कधीकधी मोकळा वाहतो आणि आतल्या रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नसते. शिवाय फेस्टिव्हलचे दिवस लग्नसराईत येतात. नकाशातली बाई मोबाईलमधून शांतपणे सांगते, "शंभर मीटरवर डावीकडे वळा," आणि शंभर मीटरवर डावीकडे नवरदेवाच्या काकांचा सत्कार चाललेला असतो.

मांडव टाळून मागे यावे तर मागून जीन्सच्या गठ्ठ्यांचा टेम्पो आलेला असतो. कॅम्प ५ च्या कारखान्यांतले गठ्ठे टेम्पोत कसे भरतात हे एकदा तरी जवळून पाहावे. टपाच्या वर आणखी पुरुषभर उंची रचून, दोरखंड आवळून, त्या ढिगावर एक पोरगा बसवलेला असतो. विजेच्या आणि केबलच्या वायरी आल्या की तो त्या काठीने उचलतो आणि टेम्पो खालून सरकतो. या पोराला सगळा जाम वरून दिसतो. तो रहदारीचा खरा अभ्यासक. पण त्याला कुणी विचारत नाही; खाली चालकांची बोलणी सुरू असतात.

"पीछे ले!"

"पीछे कहाँ लूँ? पीछे बारात है."

"तो आगे ले!"

"आगे तू है."

या संवादातून मार्ग निघत नाही, पण वेळ बरा जातो. शेवटी बनियनवरचा एक स्थानिक इसम दुकानातून बाहेर येतो, दोन स्कूटर उचलून बाजूला ठेवतो, टेम्पोला हात दाखवतो, गाडीला हात दाखवतो आणि तीन मिनिटांत सगळे मोकळे करून आत जातो. त्याचे आभार कुणी मानत नाही. रहदारी सुटली की जो तो आपल्या हॉर्नचा हा परिणाम समजतो.

देवळाजवळ पोहोचल्यावर विषयाचा गाभा सुरू होतो, तो म्हणजे जागा शोधणे. मोटार वाहनांच्या १९८९ च्या नियमांत गाडी कुठे उभी करू नये याची यादी दिलेली होती: चौकाजवळ, वळणावर, टेकडीच्या माथ्यावर, पदपथावर, सिग्नलपाशी, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांजवळ, मुख्य रस्त्यावर, दुसऱ्या उभ्या गाडीच्या समोर किंवा शेजारी, बसथांब्यापाशी, शाळेच्या वा दवाखान्याच्या दारात, कुणाच्या फाटकासमोर, रस्त्याच्या उलट्या बाजूला. २०१७ च्या नव्या नियमांनी ती आणखी वाढवली. कायदा करणाऱ्यांनी ही यादी निषिद्ध स्थळांची म्हणून केली; कॅम्प ४ चा चालक ती उपलब्ध स्थळांची म्हणून वाचतो. टेकडीच्या माथ्याचा उल्लेख इतर शहरांना कदाचित अनावश्यक वाटेल, पण येथे सुभाष टेकडी आहे.

देऊळ पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याप्रमाणे अशा स्मारकाभोवती शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे. गाडी म्हणजे बांधकाम नव्हे हे खरेच. मात्र फेस्टिव्हलच्या संध्याकाळी काही गाड्या आसपास ज्या निश्चयाने उभ्या असतात, तो पाहता त्यांना पाया खणला आहे की काय अशी शंका येते.

आयोजक आणि पोलीस मिळून काही मोकळी मैदाने वाहनतळ म्हणून जाहीर करतात. फलक असतात, बाण असतात, चमकणारे जाकीट घातलेले स्वयंसेवक असतात. मैदानात जागाही असते. परंतु मैदान देवळापासून दहा मिनिटांच्या चालीवर असते आणि तेथे गाडी लावणे हा एक प्रकारचा पराभव समजला जातो. मैदानाशी आलेला प्रत्येक चालक काच खाली करून एकच प्रश्न विचारतो.

"पुढं आहे का जागा?"

"पुढं काही नाही साहेब, इथंच लावा."

"पुढं बघून येतो."

पुढे काही नसते. बघायला गेलेल्या गाड्या तेवढ्या असतात. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी निरनिराळ्या शहरांतल्या जुन्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा गर्दीच्या भागात धावणाऱ्या गाड्यांपैकी सरासरी तीस टक्के गाड्या कुठेही जात नसून नुसती जागा शोधत फिरत असतात आणि जागा मिळायला सरासरी आठ मिनिटे लागतात, असे त्यांना आढळले. फुकटच्या जागेची किंमत फार मोठी असते यावर त्यांनी २००५ मध्ये जाडजूड ग्रंथही लिहिला. आठ मिनिटांचा आकडा शिवमंदिर रस्त्यावर वाचून दाखवला तर लोक त्याला गावगप्पा म्हणतील. गाडी लावण्याचे पैसे घेणारे पहिले मीटर १९३५ साली ओक्लाहोमा सिटीत बसले. त्यानंतर नव्वद वर्षे लोटली, तरी वीस रुपयांची पावती वाचवण्यासाठी चाळीस रुपयांचे पेट्रोल जाळण्याची कला अंबरनाथच्या अंगणात शाबूत आहे.

देवळाच्या अलीकडच्या नाक्यावर लोखंडी अडथळे असतात आणि त्यांच्यामागे एक हवालदार. येथे ओळखीचा टप्पा येतो. या पंचक्रोशीत कुणीच नुसता नागरिक नसतो, प्रत्येकजण कुणाचा तरी माणूस असतो.

"साहेब, आपल्या दादांचा माणूस आहे मी."

"कोणते दादा?"

"आपले."

"इथं उभे आहेत ते सगळे त्यांचेच आहेत. वळवा गाडी."

मग मोबाईल निघतो. दादांना फोन लागत नाही. दादा पहिल्या रांगेत बसलेले असतात आणि त्यांची गाडी आतपर्यंत गेलेली असते. त्यांचा सचिव फोन घेतो, "बघतो, पाच मिनिटांत सांगतो," म्हणतो आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत सांगत नाही. अडथळ्याशी वळताना मागच्या सीटवरून एक वाक्य हमखास येते: "तरी मी रिक्षाचं म्हणत होते." या वाक्यानंतर गाडीत काही काळ शांतता असते आणि इंजिनातले बारीकसारीक आवाज स्पष्ट ऐकू येतात.

त्यानंतर गल्ल्या. गल्लीतल्या भिंतींवर वाङ्मय असते. "येथे गाडी लावू नये" हा सभ्य नमुना. "हवा काढली जाईल" हा रोखठोक. काही घरांच्या फाटकांवर देवाची फरशी आणि खाली बाण काढून "देव पाहतो आहे" असा दुहेरी बंदोबस्त असतो. दुकानदार भिंतीवर विसंबत नाहीत. गाडी दुकानासमोर मंदावली की ते गल्ल्यावरूनच ओरडतात, "साईं, दुकान के आगे नहीं!" दुकान बंद असले तर शेजारचा ओरडतो. उद्या त्याच्या दुकानासमोर कुणी लावली तर या दुकानाने ओरडायचे, असा तो करार आहे.

काही रस्त्यांवर सम-विषम तारखांची पद्धत असते. सम तारखेला एका बाजूला गाड्या, विषम तारखेला दुसऱ्या. पद्धत चांगली आहे. फक्त मैफलीची रात्र तिला ठाऊक नाही. संध्याकाळी सातला नियमाप्रमाणे लावलेली गाडी रात्री बाराच्या ठोक्याला उभ्या जागी बेकायदा होते. मात्र महिना एकतीस दिवसांचा असला तर एकतीसही विषम आणि एकही विषम, त्यामुळे त्या रात्री गाडी जागच्या जागी निर्दोष सुटते. असे हिशेब करून कार्यक्रमाची तारीख निवडणारे रसिक अजून कुणाच्या पाहण्यात आलेले नाहीत, पण ते असणार.

जागा मिळते तेव्हा ती नेहमी गाडीपेक्षा वीतभर कमी असते. ती ज्याला प्रथम दिसते तो ओरडतो, सगळे उतरतात आणि गाडी मागे घेण्याचा विधी सुरू होतो. चालक एक असतो, मार्गदर्शक सहा. त्यातले घरचे तीन, भाभी, पानाच्या टपरीवरचा एक आणि कुठून आला हे न कळलेला एक. सगळे गाडीच्या मागे, आरशात दिसणार नाहीत अशा ठिकाणी उभे राहतात.

"येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे कापा. तुमची डावी नाही, माझी डावी. येऊ द्या... आहे, भरपूर आहे... येऊ द्या..."

मग आवाज होतो.

"बस्स."

मागे गटाराच्या कडेचा धोंडा असतो. बंपरला रुपयाएवढा पांढरा ओरखडा पडलेला असतो आणि सहाही मार्गदर्शक त्याच्याभोवती वाकून, थुंकी लावून, अंगठ्याने घासून तो आधीचाच असल्याचा निर्वाळा देतात. टपरीवरचा म्हणतो, "पॉलिश मारली की जाईल." पुढे गाडीची दारे फक्त एका बाजूने उघडतात असे लक्षात येते. चालक गिअरच्या दांड्यावरून पाय टाकत शेजारच्या सीटवर येतो आणि तिकडून बाहेर पडतो. कडक इस्त्रीच्या सदऱ्याची इथे समाप्ती होते.

गाडीपासून देवळापर्यंतचे अंतर या सर्व शोधात वाढत गेलेले असते. प्रत्येक नाक्यावरून वळवलेली, प्रत्येक गल्लीतून परतवलेली गाडी नकळत आल्या वाटेने मागे सरकते आणि तिला जागा मिळते ती पुष्कळदा कॅम्प ५ च्या आतल्या बाजूला. तिथून देऊळ पाऊण तासाची वाट सोडा, पण पंचवीस मिनिटे तरी. आजी, गुडघ्यांसकट, ती चालतात. १९६९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यात बेथेल येथे वुडस्टॉकचा संगीत महोत्सव झाला, तेव्हा चार लाखांवर माणसे लोटली होती आणि मैलोगणती रस्ते इतके तुंबले की लोक गाड्या रस्त्यातच सोडून चालत गेले, कलावंतांना हेलिकॉप्टरने आणावे लागले. इतिहासकार त्याला एका पिढीचे बंड म्हणतात. उल्हासनगरचा माणूस तिथे असता तर गाडी सोडण्याआधी त्याने एकदा पुढे बघून येतो म्हटलेच असते.

मैफल या विषयाच्या कक्षेबाहेर आहे. तरी तिच्या एका अंगाची नोंद करायला हवी. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक ध्वनिक्षेपकावरून कळवतो, "एमएच ०५, पांढऱ्या रंगाची गाडी, ज्यांची असेल त्यांनी कृपया काढावी, रुग्णवाहिकेचा रस्ता अडला आहे." कल्याणच्या परिवहन कार्यालयाकडे नोंदलेल्या सगळ्याच गाड्या एमएच ०५, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, सगळी गावे त्यात आली. आणि पांढरा रंग तर विचारूच नये. पुढचे आकडे टाळ्यांत बुडतात. प्रेक्षकांतल्या दोनशे पुरुषांच्या पोटात गोळा येतो. ते एकमेकांकडे पाहतात आणि कुणीही उठत नाही. उठले तर गाडी कदाचित वाचेल, खुर्ची मात्र नक्की जाईल. आणि खुर्ची आताची असते. "आपली नसेल," असे बायकोला सांगून ते पुढचे गाणे डोळे मिटून ऐकतात. शेजारी बसलेल्यांना ती तल्लीनता वाटते.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार ही मुदत बारापर्यंत वाढवून देऊ शकते. त्यामुळे कार्यक्रम ठरल्या मिनिटाला संपतो आणि सगळ्यांना ते मिनिट आधीच माहीत असते, म्हणजे सगळे एकदमच गाड्यांकडे निघणार. यावर तोडगा म्हणजे शेवटचे गाणे सोडून निघणे. हा तोडगा इतका उत्तम आहे की सगळेच तो करतात. गायकाने राखून ठेवलेले, ज्यासाठी लोक खरे तर आलेले असतात, ते गाणे सुरू होते तेव्हा निम्म्या खुर्च्या मोकळ्या असतात आणि निम्मे रसिक शिवमंदिर रस्त्यावर आपापल्या गाड्यांत काचा वर करून अडकलेले असतात. काच थोडी खाली केली की ते गाणे तिथेही चांगले ऐकू येते. एकाच ठिकाणी उभे राहून, कुणाच्या डोक्याआडून न पाहता, पूर्ण ऐकायला मिळणारे ते बहुधा एकमेव गाणे.

पण त्यासाठी गाडी सापडलेली असावी लागते. गाडी लावताना खूण धरायची असते आणि ती सगळे धरतात: शहाळेवाल्याच्या समोर. शहाळेवाला रात्री नऊला हातगाडी ढकलत घरी जातो. मग अंधारात मोबाईलचे दिवे फिरू लागतात, किल्लीवरची बटणे दाबली जातात, आणि गल्लीत इकडून एक गाडी कुंई करते, तिकडून दुसरी. प्रत्येक कुंईकडे चार कुटुंबे धावतात. आजी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहतात. त्यांना गाडी पहिल्यापासून दिसत असते, पण विचारल्याशिवाय बोलायचे नाही हे त्यांनी या घरात फार पूर्वी ठरवलेले असते.

कधी गाडी खरोखरच नसते. मोटार वाहन कायद्याचे कलम १२७ सांगते की मनाई असलेल्या जागी लावलेली, किंवा सार्वजनिक जागी दहा तास बेवारस सोडलेली गाडी उचलून नेता येते. दंड पहिल्या वेळी पाचशे, पुन्हा सापडल्यास दीड हजार. उचलण्याची मजुरी वेगळी. टोइंगचा ट्रक दुचाक्या चटकन उचलतो, चारचाकीला मात्र पुढची चाके वर करून ओढत नेतो, आणि त्या अवस्थेतली आपली गाडी पाहणे मालकाला जड जाते. चौकीत अशा मालकांची रांग असते. रांगेत सगळे एकच वाक्य बोलतात, "तिथं अजून वीस गाड्या होत्या, माझीच कशी उचलली?" चौकीतल्या हवालदाराला याचे उत्तर पाठ असते. "बाकीचे वीस तुमच्या मागं उभे आहेत." पावती फाडून घेतल्यावर रांगेत ओळखी होतात, नंबर घेतले जातात, गायकाचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही यावर एकमत होते.

शेवटचा टप्पा घराचा. मध्यरात्रीच्या सुमारास गाडी इमारतीखाली येते. वॉचमन झोपलेला. दोन्ही विटा भिंतीला नीट टेकवून ठेवलेल्या, डिस्टेंपरचा डबा त्यांच्यावर उपडा, खुर्ची बाजूला आणि खुर्चीवरचा दगड खुर्चीखाली. जागेवर एक पांढरी गाडी उभी. एमएच ०५. कर्ता पुरुष हॉर्न वाजवतो, वॉचमनला हलवतो, वरच्या मजल्यांवर दिवे लागतात. तेवढ्यात कोपऱ्यावर रिक्षा थांबते आणि तिच्यातून चौघे जण उतरतात. नवरा, बायको, दोन मुले. ताजेतवाने. मुलगा गाणे गुणगुणतो आहे.

"दादा, ही तुमची गाडी?"

"हो हो, काढतो लगेच. बदलापूरहून आलो होतो, शिवमंदिरला. तिकडं कुठं जागा मिळते! इथं लावली आणि रिक्षा केली. अगदी दारात सोडलं."